भाऊबीजेला गेलो आणि बेसबॉलमध्ये अडकलो

ताई लग्न होऊन शिकागोजवळच्या नेपरविलला गेली त्याला अठरा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत भाऊबीजेला मी एकदाही तिच्यासमोर पाटावर बसलो नव्हतो. साडी कुरियरने जायची आणि ओवाळणं फोनवर व्हायचं. २०१६ साली बँकेत रजा साठली, व्हिसा मिळाला आणि मी चकलीचे डबे घेऊन निघालो. दिवाळीशिवाय दुसरं काही बघायचा बेत नव्हता. तेव्हाच्या वहीतल्या नोंदी इथे जरा नीट करून लिहितो आहे.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

विमानतळावर ताईच्या आधी दिसली ती दाजींची टोपी. निळी, वर लाल ‘सी’. सांगलीत असताना हा माणूस क्रिकेटशिवाय दुसऱ्या कशाला खेळ म्हणायचा नाही. गाडीत बॅगा ठेवताठेवता म्हणाले, “पाव्हणं, अगदी मुहूर्तावर आलात. उद्या रिगलीवर वर्ल्ड सिरीजची मॅच आहे. १९४५ नंतर पहिल्यांदा.”

घर येईपर्यंत मला सगळा इतिहास कळला होता. रिगली हे शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचं मैदान, आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलची फायनल. ती कब्जने शेवटची जिंकली १९०८ मध्ये, टिळक मंडालेला गेले त्या साली. अंतिम फेरीतसुद्धा शेवटचे पोचले ते १९४५ मध्ये. यंदा साखळीत १०३ सामने जिंकले, लॉस एंजेलिस डॉजर्सना हरवलं आणि आता क्लीव्हलँडशी सात सामन्यांची मालिका चालू आहे. चार जिंकेल तो विजेता. दोन झाले होते, १-१.

“म्हणजे १०८ वर्षं,” मी हिशेब केला. आपल्याकडे १०८ म्हटलं की ॲम्ब्युलन्स आठवते. दाजी म्हणाले, “बेसबॉलच्या चेंडूवर टाकेपण १०८च असतात.” घरी ताईच्या सासूबाई, माई, सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या. त्यांच्या हातात माळ होती. मणी किती, हे विचारायची गरजच नव्हती.

माईंनी एकच प्रश्न विचारला. “समोरच्या संघाचं नाव काय?”

“क्लीव्हलँड इंडियन्स.”

“इंडियन्स? म्हणजे आपलेच की!”

ते इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळचे रहिवासी, आणि टोपीवर त्यांचं लालभडक तोंडाचं व्यंगचित्र काढलंय म्हणून कितीतरी लोक वर्षानुवर्षं चिडलेले आहेत, हे भाचीने समजावून सांगितलं. (पुढे ते चित्र गेलं, नावही गेलं. आता तो संघ गार्डियन्स आहे.) माईंनी ऐकून घेतलं, पण बाजू बदलली नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

तिकिटं हजारो डॉलरना जात होती, तेव्हा आत जायचा प्रश्नच नव्हता. दाजी म्हणाले, बाहेर उभं राहू. दुपारी लोकलने युनियन स्टेशन, तिथून चालत जाऊन रेड लाइन पकडली आणि ॲडिसनला उतरलो. डब्यात दारापासून दारापर्यंत निळे सदरे. धक्काबुक्की दादर स्टेशनची, फक्त प्रत्येक धक्क्यानंतर ‘सॉरी’.

रिगली फील्ड मला आवडलं, कारण ते स्टेडियमसारखं दिसतच नाही. १९१४ साली बांधलेलं, भर वस्तीत. रस्त्याच्या पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बाकं टाकून लोक तिथून मॅच बघतात. आतल्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये लावलेला वेल आहे, तो या दिवसांत लालसर होतो, हे नंतर टीव्हीवर बघितलं. धावफलकाचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात. दिवे आले तेच १९८८ मध्ये. तोवर इथे सगळे सामने दिवसाउजेडी व्हायचे. सामना संपला की धावफलकावर झेंडा चढतो: जिंकले तर पांढऱ्यावर निळा ‘डब्ल्यू’, हरले तर निळ्यावर पांढरा ‘एल’. लोकलने घरी जाणाऱ्याला खिडकीतून निकाल कळावा, म्हणून ही सोय.

क्लार्क स्ट्रीटवरच्या बारमध्ये नुसतं आत शिरायलाच शेकडो डॉलर मागत होते. आम्ही घोड्यावरच्या पोलिसांच्या बाजूला उभे राहून काचेतून टीव्ही बघितला. दाजी खेळ समजावून सांगत होते. मी मनात विटीदांडूशी जुळवत होतो, आणि ते क्रिकेटपेक्षा बरं जुळत होतं. चेंडू नीट बसला तर दांडा टाकून पळायचं. तीन गडी बाद की डाव पालटतो, असे नऊ डाव. एक नियम मात्र पुढे फार महत्त्वाचा ठरला: बाहेर काढलेला खेळाडू त्या दिवशी परत आत येत नाही. कप्तान बोलरला चार षटकं विश्रांती देऊन पुन्हा बोलावतो, तसं इथे चालत नाही. आणि हे ठरवणारा मैदानात नसतो, तो असतो कठड्याआड उभा असलेला मॅनेजर. कब्जचे जो मॅडन, क्लीव्हलँडचे टेरी फ्रँकोना.

सामना ०-० असाच चालला. वारा मैदानातून बाहेर वाहत होता, म्हणजे चेंडू उडायचा दिवस, आणि उडेना काहीच. सातव्या डावात क्लीव्हलँडने कोको क्रिस्प नावाच्या बदली फलंदाजाला पाठवलं. त्याने एक साधा फटका मारला आणि एक धाव आली. तेवढीच. शेवटच्या डावात कब्जचे दोन गडी बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, होते, हाविएर बाएझ चेंडू हुकला आणि संपलं. १-० ने हरले.

एवढ्या माणसांना एकदम गप्प झालेलं मी त्याआधी फक्त बँकेच्या संपात पगार कापल्याची नोटीस लागली तेव्हा बघितलं होतं. घरी पोचायला दीड वाजला. ताई जागी होती. “धनत्रयोदशीला घरातला पुरुष दिवा लावायचा सोडून रस्त्यावर उभा,” एवढंच म्हणाली.

शनिवार, २९ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे उटणं लावून आंघोळ. कारीट अमेरिकेत कुठून मिळणार? ताईने दोघांनाही पायाखाली चेरी टोमॅटो फोडायला लावला. फराळाला बसलो तोवर सांगलीहून बाबांचा व्हॉट्सॲप: विशाखापट्टणमला न्यूझीलंड ७९ वर ऑल आऊट, अमित मिश्रा १८ धावांत ५. मला इतका आनंद झाला, आणि तो वाटून घ्यायला त्या घरात कुणी नव्हतं. दाजींनी ‘अरे वा’ म्हटलं आणि कब्जची बॅटिंग ऑर्डर बघत बसले.

संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. वय चौऱ्याऐंशी, सडपातळ, पोस्टात नोकरी केलेले. रोज मॅच इथेच बघतात, कारण एकट्याने बघवत नाही. हातात एक छोटा रेडिओ. टीव्हीवरच्या कॉमेंट्रीवर त्यांचा विश्वास नाही. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायचा. अडचण अशी की रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे असतो. टीव्हीवर बोलर अजून थुंकतोय, आणि आजोबांच्या चेहऱ्यावर निकाल उमटलेला. भाची ओरडायची, “आजोबा, तोंड तिकडे करा!”

१९४५ मध्ये ते तेरा वर्षांचे होते. वडिलांनी सांगितलं होतं, यंदा पैसे नाहीत, पुढच्या वेळी फायनलला नक्की नेतो. ती पुढची वेळ यायला एकाहत्तर वर्षं लागली, आणि तिकिटाचा भाव आला तो असा. हे ते अगदी सहज सांगतात. आपल्याकडचे म्हातारे पानशेतच्या पुराबद्दल सांगतात तसे.

सामना वाईट झाला. ७-२ ने हरले. शेवटचा घाव घातला जेसन किपनिसने, तीन धावांचा होमरन (चेंडू थेट कुंपणापार). हा पोरगा शिकागोच्याच उपनगरातला, लहानपणी कब्जचा भक्त. दाजी म्हणाले, “घरचाच भेदी.” मालिका ३-१. एक सामना हरला की संपलं.

रविवार, ३० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लक्ष्मीपूजन कालच होतं की आज, यावर इथल्या मराठी मंडळींत फोनाफोनी चालली होती, अमावास्येची वेळ इथे वेगळी पडते म्हणून. ताई त्या भानगडीत पडत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय सांगेल तो दिवस.

पूजा सहाला आटोपली. मॅच सव्वासातची. चौथ्या डावापर्यंत कब्ज ०-१ ने मागे. मग क्रिस ब्रायंटने होमरन मारला, त्यामागून अँथनी रिझो, बेन झोब्रिस्ट, एकेक फटका, आणि ३-१. लक्ष्मीसमोरच्या समईत तेल घालायला ताई उठेना.

मला खरी मजा आली ती मॅडनच्या जुगाराची. त्यांच्याकडे अरोल्डिस चॅपमन नावाचा क्यूबन डावखुरा. ताशी १६० किलोमीटरच्या वर फेकणारा, जुलैत न्यूयॉर्क यांकीजकडून त्याच्या बदल्यात चार खेळाडू देऊन आणलेला. असा बोलर साधारण शेवटचे तीन गडी बाद करायला राखून ठेवतात. मॅडननी त्याला सातव्या डावातच आणला आणि त्याच्याकडून आठ गडी काढून घेतले. ४२ चेंडू. कब्ज ३-२ ने जिंकले. हाताला किती ओढायचं, याचा हिशेब मात्र त्या रात्री कुणी केला नाही. पांढरा झेंडा चढला, रिगलीत सगळे विजयाचं गाणं म्हणू लागले, आजोबाही म्हणू लागले, आणि माईंनी गाणं आरतीसारखं वाटलं म्हणून टाळ्या वाजवल्या.

सोमवार, ३१ ऑक्टोबर, पाडवा

सामना नाही, मंडळी प्रवासात. दाजी ऑफिसला. मी एकटा शहरात जाऊन मिशिगन ॲव्हेन्यूच्या खालच्या अंधाऱ्या रस्त्यावरचं बिली गोट टॅव्हर्न शोधलं. शापाची गोष्ट तिथली आहे. मालक विल्यम सियानिस १९४५ च्या फायनलला आपली बकरी घेऊन गेला. तिचा वास येतो म्हणून हाकलला. तो म्हणाला, आता तुम्ही जिंकत नाही. शापावर माझा विश्वास नाही, पण तिथला बर्गर खाऊन बाहेर पडताना बकरीच्या चित्राला मीपण हात लावला.

संध्याकाळी दारात एका बाजूला आकाशकंदील, दुसऱ्या बाजूला कोरलेला भोपळा. त्या दिवशी हॅलोवीन होतं. भुतांचे मुखवटे घालून पोरं चॉकलेट मागायला येत होती. ताई आत दाजींना ओवाळत होती, त्यामुळे दार माईंनी उघडलं, आणि पहिल्या चार भुतांच्या पिशवीत त्यांनी करंज्या टाकल्या.

मंगळवार, १ नोव्हेंबर, भाऊबीज

ज्यासाठी आलो तो दिवस. आणि सातला सहावा सामना, क्लीव्हलँडमध्ये.

ताईने ताट सजवलं. पाटाभोवती रांगोळी काढली, अशी की पुसायला जीव होऊ नये. पण आजोबा आणि त्यांचा रेडिओ आधीच येऊन बसले होते. ताईने कुंकू लावलं, तेवढ्यात ब्रायंटचा होमरन. अक्षता टाकल्या, तोवर दोघं बेसवर. तिने निरांजन फिरवायला घेतलं आणि क्लीव्हलँडच्या दोन खेळाडूंमध्ये एक सोपा झेल पडला, ‘तू घे-मी घेतो’ करत. ३-०. ताईचा हात थांबला, ताटातली सुपारी गडगडली. अठरा वर्षांनी ओवाळून घेताना मी मान वळवून टीव्ही बघत होतो आणि तीही.

तिसऱ्या डावात ॲडिसन रसेलने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. एका फटक्यात चार धावा. नंतर बासुंदी निवांत खाल्ली.

जेवताना दाजींनी काइल श्वारबरची गोष्ट सांगितली. एप्रिलमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटले, सगळा मोसम गेला. फायनलला उठून आला, पण डॉक्टर म्हणाले बॅटिंग कर, क्षेत्ररक्षण नाही. तेव्हा दोन लीगचे नियम वेगळे होते. क्लीव्हलँडच्या लीगमध्ये बोलरऐवजी नुसता बॅटिंग करणारा माणूस चालायचा, शिकागोच्या लीगमध्ये बोलरलाच दांडा धरायला लागायचा. आणि फायनलला ज्याचं मैदान त्याचे नियम. म्हणून हा बिचारा घरच्या तिन्ही सामन्यांत बहुतेक बाकावर, आणि परक्या मैदानावर खेळतोय. गल्लीत ‘ज्याची बॅट त्याची बॅटिंग’ चालतं, त्याचंच हे मोठं रूप.

९-३ ने जिंकले, ३-३. पण पाच धावांची आघाडी असताना मॅडननी चॅपमनला पुन्हा आणला. आजोबा रेडिओ खाली ठेवून म्हणाले, “हे उद्या महागात पडणार.” मलाही तसंच वाटलं. रणजीच्या पोरांनाही कळतं, जिंकलेल्या सामन्यात हुकमी बोलर दमवू नये.

बुधवार, २ नोव्हेंबर

या रात्रीबद्दल लिहायचं तर वहीचं पान पुरलं नव्हतं.

समोरासमोरचे दोघे जुने सोबती होते. बॉस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ २००४ मध्ये संपला, तेव्हा तिथले मॅनेजर होते फ्रँकोना आणि संघ बांधणारा थिओ एपस्टाइन. आता फ्रँकोना क्लीव्हलँडला, एपस्टाइन कब्जकडे. फ्रँकोनांचे दोन चांगले बोलर जखमी, म्हणून कोरी क्लुबरला ते कमी विश्रांती देऊन तिसऱ्यांदा उतरवत होते. दोन्हीकडचे हात थकलेले. क्लीव्हलँडही १९४८ पासून वाट बघतच होतं, हे शिकागोत कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

डेक्स्टर फाउलरने सामन्याच्या सुरुवातीलाच होमरन मारला. पाचव्या डावापर्यंत ५-१. काइल हेंड्रिक्स छान फेकत होता, तरी मॅडननी त्याला काढलं, आणि त्याच्याजागी आलेल्या जॉन लेस्टरचा एक चेंडू भलतीकडे गेल्याने एकदम दोन धावा आल्या. ५-३. मग डेव्हिड रॉसने होमरन मारला. वय ३९, शेवटचा मोसम, संघातली पोरं त्याला आजोबाच म्हणतात. आमचे आजोबा उठून उभे राहिले.

आठवा डाव, ६-३, दोन बाद. चॅपमन आला. फेकत होता जोरात, पण चेंडूत आदल्या दिवसांची धार नव्हती, ते मला आठवडाभरात शिकलेल्यालाही दिसलं. एक फटका, ६-४. मग क्लीव्हलँडचा राजाई डेव्हिस.

टीव्हीवर चॅपमन अजून चेंडू हातात घेऊन उभा होता. आणि आजोबांनी डोळे मिटले.

कुणी काही बोललं नाही. आम्हा सगळ्यांना माहीत झालं होतं, आणि तरी बघावं लागलं. हात वर गेला, दांडा फिरला, चेंडू डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीवरून गेला. ६-६. ‘इंडियन्स’ची बाजू घेऊन बसलेल्या माईंनी आजोबांकडे बघितलं, काही न बोलता उठल्या आणि त्यांच्या पुढ्यात बेसनाचा लाडू ठेवला.

नववा डाव बरोबरीत संपला आणि पाऊस आला. १७ मिनिटं खेळ थांबला. त्या वेळात जेसन हेवर्डने, जो या मालिकेत बॅटने फार काही करू शकला नव्हता, खेळाडूंना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडे त्या १७ मिनिटांत दोनदा चहा झाला. आणि आजोबांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, “आता सगळ्यांबरोबरच बघतो.”

दहाव्याला श्वारबरने सुरुवात केली. त्याच्या गुडघ्यापायी अल्मोरा नावाचा पोरगा त्याच्याजागी पळायला आला. उडालेल्या झेलावर त्याने दुसरा बेस गाठला. हे छोटं धाडस, पण माझ्या मते सामना इथे फिरला. झोब्रिस्टने डाव्या रेषेवरून चेंडू मारला, ७-६. मग आणखी एक, ८-६. क्लीव्हलँडने एक परत केली. शेवटी एक हलका सरपटी चेंडू ब्रायंटकडे आला. त्याचा पाय ओल्या गवतावर घसरला, आणि घसरताना तो हसत होता. चेंडू रिझोच्या हातात गेला. रिझोने तो मागच्या खिशात घातला.

बारा वाजायला थोडा वेळ होता. दाजी आणि भाची अंगणात ओरडत होते, सगळ्या गल्लीतून गाड्यांचे हॉर्न. सांगलीत सकाळचे सव्वादहा झाले होते. मी बाबांना ‘जिंकलो’ असं पाठवलं. उत्तर आलं, “कोण?” आजोबा सोफ्यावरच होते. लाडू तसाच हातात.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

दाजींनी ऑफिसला ताप आल्याचं कळवलं. आजोबांना गाडीत घालून आम्ही रिगलीला गेलो. ताईपण आली.

बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने लिहीत होते. संघाचं कौतुक थोडं; जास्त करून नावं. हा दिवस न बघता गेलेल्या आईबापांची, आज्यांची, मित्रांची. हात पोचेल तिथवर भिंत भरलेली, वर लिहायला कुणी शिड्या आणलेल्या, कुणी कुणाच्या खांद्यावर चढलेलं. अनोळखी माणसं एकमेकांना खडू देत होती.

आजोबांचा हात थरथरतो. त्यांनी खडू ताईच्या हातात दिला आणि वडिलांचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. ताई फुटपाथवर मांडी घालून बसली आणि खाली, जमिनीलगतच्या विटांवर तिला जागा सापडली. अक्षरं तिने रांगोळी काढते तशीच काढली. बाजूला सवयीने एक छोटं स्वस्तिक काढायला गेली, तेव्हा दाजींनी घाईने तिचा हात धरला. त्या देशात त्याचा अर्थ वेगळा. मग तिने कमळ काढलं.

नावाखाली काय लिहू, तिने विचारलं. आजोबा थोडा वेळ थांबून म्हणाले, “लिही, मी घरूनच बघितली.”

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

विजयाची मिरवणूक. रिगलीपासून ग्रँट पार्कपर्यंत. सकाळी सातला नटूनथटून स्टेशनवर गेलो. पहिली गाडी माणसांनी भरून आली आणि न थांबता गेली. दुसरीही. तिसरी थांबली, पण दारात पाय ठेवायला जागा नव्हती. नऊ वाजता घरी परत.

शहराने म्हणे पन्नास लाख माणसं आल्याचा अंदाज दिला. पंढरपूरची सवय असलेल्याला तो आकडा जरा सैल वाटतो, पण गर्दी खरोखर वारीसारखी होती. नदीचं पाणी निळं केलं होतं. उरलेल्या चकल्या खात आम्ही सगळं टीव्हीवर बघितलं, या वेळी आवाज चालू ठेवून.

माईंनी जप संपवून माळ बाजूला ठेवली.

“आणि ते इंडियन्स? त्यांना किती वर्षं झाली म्हणालात?”

“अडुसष्ट.”

“मग आहेत अजून चाळीस,” माई म्हणाल्या आणि चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली.